मोघ्यांचे दगडू

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या मराठी मंडळींत शशिधर मोघ्यांना 'काटेवाले मोघे' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गाड्यांच्या कारखान्यात उभी हयात घालवलेला माणूस, पण त्यांच्याकडे दिवाळीच्या फराळाला जा, गाडीबद्दल चकार शब्द निघायचा नाही. आधी मागच्या बागेतल्या काचघरातून एक फेरी, मग चकली. ही फेरी चुकवायची कोणाची हिंमत नव्हती.

काचघरात निवडुंगांच्या पुष्कळ जाती होत्या, पण मोघ्यांचा जीव एकीतच अडकला होता. मेक्सिकोत कुठेशी चुनखडीची एक टेकडी होती, आणि ही जात तेवढ्या एका टेकडीवरच उगवायची. सिमेंटसाठी टेकडी फोडली, टेकडीबरोबर जातही गेली. फोडाफोड सुरू होण्याआधी इथल्या निवडुंग-क्लबातल्या त्साइटलर नावाच्या म्हाताऱ्यानं रीतसर परवानगी काढून थोडं बी आणलं होतं. ते त्यानं चार जणांना वाटलं. कोणाची रोपं सडली, कोणाची थंडीत गेली, कोणी कंटाळून सोडून दिली. मोघ्यांची जगली. त्साइटलर वारला तेव्हा त्या जातीची वाढलेली झाडं जगात फक्त मोघ्यांच्या काचघरात आहेत, असं क्लबातले जाणकार म्हणू लागले.

झाड दिसायला अगदीच सामान्य. राखाडी, चपटं, जमिनीला चिकटलेलं. ऊर्मिलाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, हा तर दगड आहे! याला काय पाणी घालताय?" तेव्हापासून घरात त्या झाडांचं नाव दगडू पडलं. मुलगी अनन्या लहानपणी जर्मनमधून बाकी सगळं बोलायची, पण 'दगडू' मात्र मराठीत म्हणायची.

दगडूंचं काम म्हणजे सबुरीची परीक्षा. बी मोहरीहून बारीक. बारीक खडीवर पेरायचं, वर काच ठेवायची आणि वाट पाहायची. वर्षभरात रोप वाढून वाढून मसुरीएवढं होतं. फूल यायला नऊ-दहा वर्षं. फूल आलं तरी स्वतःच्या परागावर बी धरत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग ब्रशनं लावावा लागतो. आणि काचघरात घुसलेली एखादी मधमाशी भलत्याच जातीचा पराग आणून टाकील म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत सगळ्यांवर जाळी.

या कामात मोघ्यांच्या जोडीला होती हेडविग. निवृत्त औषधविक्रेती, नवरा गेलेला, उंच, सडपातळ आणि बोलायला फटकळ. गेली कित्येक वर्षं दर शनिवारी ती सायकलवरून यायची, चहाला नाही म्हणायची, चष्मा डोळ्यांवर चढवायची आणि चिमट्यानं मसुरीएवढी रोपं एकेक करून वेगळी लावायची. मोघ्यांचा हात कापायला लागल्यापासून तर ते काम तिचंच झालं होतं. दोघांत गप्पा अशा फारशा नसत. "हे जास्त ओलं झालंय." "हो." एवढंच.

मग मोघ्यांच्या हृदयाची झडप बिघडली. ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी जिने, बर्फ उपसणं, जड उचलणं सगळं बंद केलं. अनन्या हॅम्बुर्गहून आली आणि दोन दिवसांत तिनं निकाल लावून टाकला: घर विकायचं, लिफ्टवाली वोनुंग, म्हणजे फ्लॅट, घ्यायची. वोनुंग मिळाली, छान होती, पण बाल्कनी उत्तरेला. तिथे पुदिनासुद्धा धड जगला नसता.

"झाडांचं काय?" हेडविगनं त्याच शनिवारी विचारलं.

"बघतो आहे."

"बघायचं काय त्यात? अर्धी मला दे. उरलेली दुसऱ्या कुठल्यातरी शहरात. सगळी एका छपराखाली कधीच ठेवायची नसतात, शशी. हा पहिला नियम आहे."

मोघे 'बघू' म्हणाले. कारण त्यांच्या मनात तेव्हा दुसरंच घोळत होतं.

विहंग त्यांच्याकडे वर्ष-दीड वर्षापासून येत होता. पुण्याचा मुलगा, इथल्या विद्यापीठात वनस्पतीशास्त्रात पीएच.डी. करणारा. गणपतीत कोणाच्या तरी ओळखीनं जेवायला आला आणि घरचाच झाला. ऊर्मिलाबाईंच्या पुरणपोळीवर तुटून पडायचा, "काकू, आईची आठवण आली," म्हणायचा. काचघरात मोघ्यांच्या मागेमागे फिरायचा, प्रश्न विचारायचा. एकदा मोघ्यांनी त्याला सांगितलं, की मेक्सिकोतल्या एका बागेला या जातीचं बी हवंय. तिथल्या बाई राखीव टेकडीवर ती पुन्हा लावणार आहेत. पण परवानग्यांचं जंगल आहे, आणि माझ्यासारख्या खासगी माणसाला कोण विचारतो.

"काका, आमच्या इन्स्टिट्यूटकडून अर्ज केला तर होईल," विहंग म्हणाला. "गेनाऊ, अगदी असंच काम असतं ते. प्रोफेसरांशी बोलतो."

प्रोफेसर काचघर बघून गेले. त्यांना आवडलं. विद्यापीठाच्या ग्रीनहाउसमध्ये एक बाक देऊ म्हणाले, आणि जाता जाता हेही म्हणाले, की तिथे देणाऱ्याच्या नावाची पाटी लावायची पद्धत आहे.

खरं सांगायचं तर त्या पाटीनं घात केला. परक्या देशात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला, ज्याच्या आडनावाचा उच्चार फॅक्टरीत कोणाला धड आला नाही, त्याला विद्यापीठात आपलं नाव लागणार म्हटल्यावर काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको. पाटीवर 'मोघे संग्रह' असणार. मग संग्रह अर्धा देऊन कसं चालेल?

हेडविगला त्यांनी सांगितलं तेव्हा ती हातातलं रोप तसंच धरून त्यांच्याकडे वळली.

"सगळी?"

"संग्रह एकत्र राहायला हवा. अभ्यासाच्या दृष्टीनं."

"त्या मुलाचा अभ्यास वेगळाच आहे. बार्लीच्या मुळांचा. मी विचारलंय त्याला."

"तो शिकेल. आपल्याकडचा मुलगा आहे, जबाबदार आहे."

'आपल्याकडचा' हा शब्द जर्मनमध्ये बोलताना त्यांच्या तोंडून सहज निघून गेला. हेडविगनं चष्मा काढून पुसला. "मला दोन तरी दे. दोन लहान."

मोघे नाही म्हणाले. नाही म्हणताना त्यांना स्वतःलाच ते क्षुद्र वाटलं, पण शब्द तोंडातून गेला होता. हेडविगनं हातातलं रोप नीट कुंडीत बसवलं, हात धुतले आणि सायकल घेऊन गेली.

झाडं सप्टेंबरात विद्यापीठात गेली. मोघ्यांनी विहंगला बाकासमोर उभं करून परत परत सांगितलं, "ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पाण्याचा थेंब नाही. कितीही सुकलेली दिसू देत, मातीत आकसू दे त्यांना. थंडीत पाणी म्हणजे विष."

"हो काका. काळजीच करू नका."

पाटी लागली. ऊर्मिलाबाईंनी तिच्यासमोर त्यांचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मग ऑपरेशन झालं, मग ताकद भरून यायला रेहाचं रुग्णालय, मग नव्या वोनुंगमध्ये खोकी उघडणं. सगळा हिवाळा त्यातच गेला. मधूनमधून ते विहंगला फोन करत. कधी तो उचलायचा, कधी 'ऑल गुड काका' असा मेसेज यायचा आणि पुढे एक हसरा चेहरा.

मार्चमध्ये डॉक्टरांनी एकट्यानं फिरायची परवानगी दिली. दगडूंना कळ्या यायचे दिवस होते. मोघे विहंगला न कळवताच बस पकडून विद्यापीठात गेले. म्हटलं, पोराला जरा चकित करावं.

ग्रीनहाउसमध्ये हिरव्या डांगरीतला एक माणूस पाइपनं पाणी घालत होता. मोघे आपल्या बाकाशी गेले. पाटी चकचकीत होती. खाली दगडू ओळीनं बसलेले, राखाडी, गुबगुबीत, जसेच्या तसे. कळी मात्र एकावरही नव्हती. मोघ्यांनी एकावर बोट ठेवलं. बोट सरळ आत गेलं. अति पिकलेल्या चिकूसारखं. वरची साल तेवढी शाबूत होती, आत नुसता तपकिरी चोथा, आणि त्याचा वास आला.

त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं. मग तिसऱ्यावर. मग ते पूर्ण ओळीवरून तसेच गेले, एकेकावर बोट दाबत, जणू एखाद्याचं तरी अंग कडक लागेल. लहान रोपांच्या तर ट्रेमध्ये काहीच उरलं नव्हतं, खडीवर हिरवट शेवाळ आलं होतं.

डांगरीवाला माणूस जवळ आला. "तुमची होती का?"

"पाणी कोण घालायचं यांना?"

"मीच. दर सोमवारी सगळ्या बाकांना." तो ओशाळला. "मला कोणी काही सांगितलं नाही हो. तो भारतीय मुलगा नोव्हेंबरातच सोडून गेला. आता म्युनिककडे नोकरी लागलीय म्हणे त्याला. नंतर इकडे कोणी आलं नाही."

मोघे तिथल्याच एका उलट्या बादलीवर बसले. त्या माणसानं त्यांना पाणी आणून दिलं. ते प्यावं असंही त्यांना सुचलं नाही.

घरी त्यांनी ऊर्मिलाबाईंना सांगितलं नाही. दोन दिवसांनी 'जुन्या सहकाऱ्याला भेटतो' म्हणून निघाले. फ्रायझिंगला गाडी बदलून एस-बानची लोकल घेतली आणि उंटरश्लाइसहाइमला उतरले. विहंगच्या ऑफिसचा पत्ता त्यांनी विद्यापीठातून काढला होता, ते काचेच्या मोठ्या इमारतीत होतं. तो खाली आला तेव्हा गळ्यात कंपनीचं कार्ड होतं. चेहरा आधी उजळला आणि मग, मोघ्यांकडे नीट पाहिल्यावर, उतरला.

"काका, इतक्या लांब कशाला आलात? फोन करायचा ना."

"फोन केले होते. तू 'ऑल गुड' म्हणाला होतास."

विहंगनं त्यांना कॅन्टीनमध्ये नेलं. कोपऱ्यातलं टेबल पाहिलं. "तुम्ही ग्रीनहाउसला जाऊन आलात?"

"सगळी गेली. एकही नाही."

त्यानं कप बाजूला सारला. मग बोलायला लागला तो एका दमात. "नोव्हेंबरात माझं युनिव्हर्सिटीचं फरट्राग, कॉन्ट्रॅक्ट, संपलं, काका. प्रोफेसरांचं फंडिंग गेलं, त्यांनी आठवड्याभरात हात वर केले. व्हिसा संपत आला होता. आउसलेंडरबेहोर्डेच्या व्हिसावाल्यांनी सांगितलं, नोकरी नाही तर परत जा. घरी बाबांना काय सांगणार होतो मी? रोज इंटरव्ह्यू देत होतो. झाडं डोक्यातच नव्हती. खोटं नाही बोलत, डोक्यातच नव्हती."

"मला सांगायचंस. मी कोणालातरी पाठवलं असतं."

"तुमचं ऑपरेशन झालेलं. मी घरी फोन केला होता, काकूंनी उचलला. म्हणाल्या, त्यांना आता कसलंही टेन्शन देऊ नकोस, बरं चाललंय एवढंच सांग. मग मी तेच सांगत राहिलो."

हे मोघ्यांना नवीन होतं.

"हेडविगला तरी सांगायचंस."

"त्या माझ्याशी बोलत तरी होत्या का?" विहंगचा आवाज जरा चढला. "काका, एक विचारू? तुम्ही मला कधी विचारलंत, की विहंग, तुला ही झाडं हवीत का? माझा विषय बार्ली. मी फक्त म्हणालो होतो, की अर्ज इन्स्टिट्यूटकडून होईल. एवढंच. त्यानंतर तुम्ही सगळं ठरवलंत. तुम्ही मला दिलीत कारण मी पुण्याचा होतो."

"मग नाही म्हणायचंस!"

"तुमच्या घरी जेवलो होतो मी. नाही कसं म्हणणार?"

मोघ्यांना त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटलं, आणि पोरगा काही अंशी खरं बोलतोय असंही वाटलं, आणि या दुसऱ्या वाटण्यामुळे पहिलं जास्तच भडकलं. ते उठले. विहंग स्टेशनपर्यंत सोबत आला. त्यांची पिशवी हातातून काढून घेतली. प्लॅटफॉर्मवर गाडी यायच्या वेळी तो एकदम खाली वाकला. मोघ्यांनी पाय मागे घेतले. शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका बघत राहिल्या, या तरुण माणसाचं काय हरवलंय म्हणून.

एप्रिलमध्ये इन्स्टिट्यूटच्या अर्जावर परवानगी आली. दोन्ही देशांची, सही-शिक्क्यानिशी. मेक्सिकोतल्या बाईंनी आनंदानं कळवलं, की टेकडीला कुंपण झालं आहे, जागा तयार आहे, बी कधी पाठवता?

आता मात्र हेडविगकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जुन्या घराच्या फ्रिजमध्ये ठेवलेली फिल्मची एक डबी नव्या फ्रिजमध्ये आली होती. तिच्यात अगदी पहिल्या फुलोऱ्याच्या वर्षी धरलेलं थोडं बी होतं, इतकं जुनं की मोघ्यांनी ते हिशेबातच धरलं नव्हतं. डबी खिशात घालून ते तिच्या दारात उभे राहिले.

स्वयंपाकघरात बसून त्यांनी सगळं सांगितलं. विहंगचं, पाण्याचं, परवानगीचं. स्वतःला वगळून काही सांगितलं नाही. पाटीचंही बोलले. त्यांचं संपल्यावर हेडविग उठली, कप धुतला, पालथा घातला.

"ते बी तुम्ही इथेच ठेवा," ती म्हणाली.

'तुम्ही.' इतकी वर्षं ती त्यांना 'डू' म्हणत आली होती, तू. जर्मन माणूस 'झी'वरून 'डू'वर यायला वर्षं लावतो, पण एकदा आला की परत फिरत नाही. निदान मोघ्यांनी तरी कोणाला फिरलेलं पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, चुकून आलं असेल.

"हेडविग, मी—"

"तुम्हाला कळवीन, उगवलं तर."

चुकून नव्हतं.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. सात उगवली होती. मोघे गेले. काचेखाली, खडीवर, हिरवे ठिपके. मोघ्यांचे डोळे भरून आले. हेडविगनं तिकडे पाहिलं नाही. जूनमध्ये तीन रोपांना बुरशी लागली. चार उरली.

"दोन लाइप्झिगला जातील, तिथल्या बागेत," तिनं सांगितलं. "दोन माझ्याकडे."

"एक मला मिळेल?"

"तुमच्या बाल्कनीला ऊन नाही."

हे खरंच होतं, त्यामुळे त्यावर वाद घालता येत नव्हता. मोघ्यांनी मेक्सिकोला खरं काय ते कळवलं: झाडं मेली, चार रोपं आहेत, बी धरायला दहा वर्षं लागतील. बाईंचं उत्तर सभ्य होतं. टेकडी कुठे जात नाही, त्यांनी लिहिलं. मी मात्र दोन वर्षांनी निवृत्त होते आहे, आणि माझ्या जागी येणाऱ्याला यात रस असेल की नाही, सांगता येत नाही.

ऊर्मिलाबाईंना मोघ्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं, की विद्यापीठात झाडं रोगानं गेली. त्या हळहळल्या. "तुमच्या तब्येतीपुढे काय आहे दगडूंचं," म्हणाल्या. विहंगला फोनवर त्यांनी काय सांगितलं होतं, ते मोघ्यांनी विचारलं नाही. विचारून काय होणार होतं? त्यांनी नवऱ्याचा जीव सांभाळला होता. पण रात्री जेवताना ताटात आमटी वाढणाऱ्या त्या हाताकडे ते आता बघत, आणि काही बोलत नसत. संसारात अशी एक जागा तयार झाली होती, जिकडे ते एकटेच जात.

गणपती जवळ आले तशी ऊर्मिलाबाईंनी पाहुण्यांची मोजदाद सुरू केली.

"अहो, विहंगचा फोन होता. बिचारा एकटाच आहे तिकडे. रविवारी जेवायला बोलवू ना? मोदक आवडतात त्याला."

"बोलव," मोघे म्हणाले. "मी नसेन."

"नसेन म्हणजे? गणपतीच्या दिवशी कुठे जाणार?"

"काम आहे."

रविवारी आरती झाल्यावर त्यांनी बूट घातले. खरं तर जायला जागा एकच होती. ते बसनं हेडविगच्या गावाबाहेरच्या घराशी गेले. ती मागच्या बागेत होती, काचघराचं दार उघडं टाकून आत वाकलेली. पाठमोरी. त्यांना फाटकातून तिचे हात दिसत होते, काहीतरी अगदी लहान उचलून कुठेतरी ठेवणारे.

त्यांनी खाकरून पाहिलं. तिनं मान वळवली. चष्म्यावरून त्यांना ओळखलं.

"ग्र्यूस गॉट, हेर मोघे." तिनं रीतसर नमस्कार केला.

"ग्र्यूस गॉट. काही मदत लागेल का?"

ती क्षणभर विचार करत असल्यासारखी थांबली. मोघ्यांनी फाटकाच्या कडीवर हात ठेवला.

"आज काही नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा आत वाकली.

"बरं," मोघे म्हणाले. रविवार असल्यामुळे पुढची बस तासाभरानं होती. ते रस्त्याच्या कडेला, थांब्याच्या खांबाशी जाऊन उभे राहिले.